मुलुंडचा जुना फ्लॅट आणि घर घेतल्यावर बोलावलेले होम इन्स्पेक्शनवाले: पाचपैकी साडेतीन

रिसेलचा फ्लॅट घेऊन, रजिस्ट्रेशन करून, राहायला आल्यावर होम इन्स्पेक्शनवाल्यांना (पैसे घेऊन घराचे दोष तपासून रिपोर्ट देणाऱ्यांना) बोलावणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसणं, हे मला माहेरी सासरी ऑफिसात सगळ्यांनी ऐकवून झालंय त्यामुळे परत कोणी सांगू नका. तरी पण सांगते, आमचे पैसे वसूल झाले. दोष शोधून दिले म्हणून नाही हं, दोष जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानी फुकटात दाखवलेच होते. पैसे वसूल झाले ते कुठलं पाणी कोणाचं हे फोटोसकट लिहून मिळालं म्हणून. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला कळेल मी काय म्हणतेय ते, इथे गळती बंद करणं ही नंतरची गोष्ट, आधी ती वरच्यांची की सोसायटीची की आपली यावरच वर्ष निघतं.

कंपनीचं नाव टाकत नाहीये. चांगलं पण लिहिणारे वाईट पण लिहिणारे, आणि मी ज्यांच्या ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांची कामाची पद्धत उन्नीस-बीसच होती, तर नावापेक्षा ही सर्व्हिस घ्यायची का आणि घेतली तर काय बघून घ्यायची तेवढं उपयोगी पडेल.

आधी घराबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुलुंड ईस्टला मिठागर रोडच्या आतल्या बाजूला, ९४ची बिल्डिंग, सात मजले, आमचा पाचवा, वन बीएचके, बाथरूम संडास वेगवेगळे. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून स्टॅम्प ड्युटी ६ च्या ऐवजी ५ टक्के लागली, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम २५ हजार (त्याच्या वर घेता येत नाही, कोणी "बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या" म्हणाले तर लेखी मागा, लगेच गप्प होतात), एजंटचा एक टक्का, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी. एवढ्या सगळ्यांना पैसे मोजले पण ह्यातला एकही माणूस घराच्या भिंतीला हात लावून बघायच्या कामाचा नव्हता. बँकेचा व्हॅल्युअर आला होता, दारात उभं राहून हॉलचा फोटो, किचनचा फोटो, खिडकीतून बाहेरचा फोटो, निघाला. तो बँकेसाठी येतो, उद्या हप्ते थकले तर घर विकून बँकेचे पैसे सुटतील का एवढंच त्याला बघायचं असतं. पण आपल्याला वाटतं की बँकेनी पास केलं म्हणजे घर ठीक आहे. तसं काही नसतं.

घर बघितलं फेब्रुवारीत. फेब्रुवारीत मुंबईतलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. ताजा ऑफव्हाइट रंग, बाथरूमला चकाचक पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, बेडरूममध्ये भिंतभर वॉर्डरोब. विकणारे काका खूपच सज्जन वाटले, म्हणाले वॉर्डरोब चांगल्या प्लायचा आहे, आम्ही मुलाकडे चाललोय, नेऊन काय करू, तुम्हालाच राहू दे. सासूबाईंना तर एवढं कौतुक वाटलं की त्यांनी काकूंना निघताना साडी दिली. वॉर्डरोब उघडला की डांबर गोळ्यांचा भपकन वास यायचा, म्हटलं जुनी माणसं, गोळ्या टाकायची सवय असते.

अक्षय्य तृतीयेला आत राहायला आलो. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात वॉर्डरोबच्या आत ठेवलेल्या कॉटनच्या साड्यांना हिरवट बुरशी. सुतार बोलावून वॉर्डरोब पुढे ओढला तर मागे खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली स्कर्टिंगपर्यंत भिंत ओली, प्लास्टरला लोणा लागलेला, हात फिरवला की मीठ पडल्यासारखी पांढरी पूड आणि रंगाचे पोपडे हातात. आणि गंमत म्हणजे बाकीच्या खोलीला नवा ऑफव्हाइट होता, वॉर्डरोबच्या मागे जुना पिस्ता कलर तसाच. म्हणजे रंग देताना वॉर्डरोब हलवलाच नव्हता. डांबर गोळ्या कपड्यांसाठी नव्हत्याच, तो ओलीचा कुबट वास दाबायला होत्या.

त्याच्यात बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या एका पट्टीतून थेंब थेंब सुरू झालं. सेक्रेटरींना फोन केला, ते म्हणाले वरच्यांशी बोला. वरच्या काकूंकडे गेले, त्या म्हणाल्या आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे, पाऊस चालू आहे ना, बाहेरच्या भिंतीतून येत असेल, सोसायटीला सांगा. परत सेक्रेटरी. हे टेबल टेनिस जुलैभर चाललं. प्लंबर आणला तर म्हणाला वरच्यांचं आहे, वॉटरप्रूफिंगवाला आणला तर म्हणाला सगळंच करून घ्या, आणि नवरा म्हणाला पावसाळा जाऊ दे. शेवटी ऑफिसमधल्या एकीनी ठाण्याला नवा फ्लॅट घेताना असं इन्स्पेक्शन करून घेतलं होतं तिच्याकडून कळलं, आणि मी फोन केला.

आता सर्व्हिसबद्दल.

११ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून १२,९८०. वन बीएचकेला हे मला तेव्हा जास्त वाटलं होतं. एक सिव्हिल इंजिनिअर मुलगा आणि त्याच्याबरोबर एक हेल्पर, सकाळी आले ते जेवायची वेळ होईपर्यंत होते. वेळेवर आले हे मुद्दाम लिहिते कारण मुलुंडला मध्य रेल्वेनी वेळेवर येणाऱ्या माणसाचं कौतुक व्हायला पाहिजे. बूट बाहेर काढले, चहा घेतला, आणि मुख्य म्हणजे नुसते फोटो काढत नाही फिरले, मला बरोबर घेऊन दाखवत होते.

पहिलं त्यांनी भिंतींवर मॉइश्चर मीटर फिरवलं आणि मग थर्मल कॅमेरा. ह्या थर्मल कॅमेऱ्याबद्दल लोकांना फार गैरसमज आहेत, मला पण वाटत होतं एक्स-रे सारखं भिंतीच्या आतलं पाणी दिसतं. तसं नाहीये. तो फक्त भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, ओली जागा पाणी उडून जात असल्यामुळे थोडी गार असते म्हणून स्क्रीनवर निळी दिसते. पण कॉलम पण गार असू शकतो, एसीची हवा लागलेली भिंत पण गार असते. म्हणून मुलानी आल्या आल्या एसी आणि पंखे बंद करायला लावले आणि जिथे निळं दिसलं तिथे परत मीटर लावून खात्री केली. आणि तो स्वतःच म्हणाला की मीटरवर पण आंधळा विश्वास ठेवू नका, लोणा लागलेल्या भिंतीत क्षार असतात त्यामुळे भिंत वाळली तरी मीटर वरचाच आकडा दाखवत राहतो. ही गोष्ट त्यानी आपणहून सांगितली तिथे माझा त्याच्यावर विश्वास बसला, कारण त्याच्या आधीचा वॉटरप्रूफिंगवाला तेच मीटर लावून "बघा मॅडम लाल लाल" करून घाबरवत होता.

मग बाथरूम. फॉल्स सीलिंगच्या दोन पट्ट्या त्यांनी सरकवल्या आणि आत कॅमेऱ्याची नळी घातली. मोबाईलवर दिसत होतं. वरच्यांच्या बाथरूमच्या स्लॅबची खालची बाजू, काळे डाग, पांढऱ्या क्षाराचे लोंबते टोक, एका जागी काँक्रीट फुगून पडलेलं आणि आतली गंजलेली सळई उघडी. ह्याच्यावर मुलानी नीट समजावलं, लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते, त्यात आपल्याकडे खाडी आणि मिठागरं जवळ, खारी हवा. आणि मग नळी थोडी उजवीकडे वळली आणि दिसला श्रीखंडाचा डबा. फॉल्स सीलिंगच्या फ्रेमवर, बरोब्बर थेंबाच्या खाली, तारेनी बांधून ठेवलेला अर्ध्या किलोचा प्लास्टिकचा डबा, आतून पांढरट पिवळट क्षाराचे थरावर थर, म्हणजे ते काही काल परवाचं काम नव्हतं. पाणी पडायचं, डब्यात साठायचं, सुकायचं, परत पडायचं. ह्या पावसात भरून ओसंडला म्हणून आम्हाला कळलं. हेल्पर हसत होता, इंजिनिअर हसायचं नाही म्हणून तोंड वळवून उभा होता. मी पण हसले, नंतर रात्री रडले ती गोष्ट वेगळी.

तो डबा त्यांनी काढला नाही, आधी जागेवरचे फोटो घेतले, तारखेसकट. ही अक्कल मला सुचली नसती, मी तर लगेच फेकून दिला असता.

बाकी तपासणी पटापट सांगते. टाइल्सवर गोल टोकाची काठी आपटून आवाज ऐकतात, भरीव आणि पोकळ वेगळा कळतो, हॉलमध्ये निम्म्या टाइल्स पोकळ निघाल्या, खडूनी फुल्या मारून ठेवल्या, जुन्या मोझॅकवरच नवीन टाइल्स चिकटवल्यात म्हणून. त्यानी घर पडत नाही, जड काही आपटलं तर टाइल तडकेल, असो. बाथरूमचा उतार उलटा, पाणी नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या निचऱ्याकडे) न जाता दाराकडे येतं, हे आम्हाला रोज पाय ओले होऊन माहीतच होतं. खिडक्या ठीक म्हणाले, आणि तिथे ते चुकले, त्यावर येते.

सॉकेट तपासणं मात्र मी कधीच विसरणार नाही. तीन दिव्यांचा एक छोटा प्लग असतो, तो प्रत्येक पॉइंटला लावत गेले. किचनच्या दोन आणि गीझरच्या पॉइंटला अर्थिंगच नाही. सॉकेटला तिसरं भोक आहे, आत वायर जोडलेलीच नाही, नुसतं दाखवायला. आणि बोर्डात आरसीसीबी पण नाही, म्हणजे करंट लीक झाला तर आपोआप बंद करणारं काहीच नाही. ओल्या स्लॅबखाली, अर्थिंग नसलेल्या गीझरखाली माझी मुलगी आंघोळ करत होती. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून खालच्या मीटर रूमपासून नवीन अर्थ वायर ओढून घेतली. बाकी रिपोर्टमधलं काही वाचू नका, हे एक करा, जुन्या बिल्डिंगमध्ये घर घेतलंय तर हा टेस्टर तीनचारशे रुपयांत मिळतो, स्वतः लावून बघा.

आणि कार्पेट एरिया. लेझरनी मोजलं. एजंट म्हणाला होता कार्पेट ५२०. ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट लिहिलेलंच नव्हतं, बिल्टअप ५७५ होतं, जुन्या कागदात बहुतेक असंच असतं. मोजल्यावर निघालं ४७८. वरचे ४२ कुठून आले तर हॉलची बाल्कनी आत घेतलीये ती एजंटनी कार्पेटमध्ये मोजलेली. रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या नियमनाचा कायदा, त्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. आम्हाला पडलेल्या दरानी, चौरस फुटाला २५ हजारच्या हिशेबात, ४२ फुटांचे साडेदहा लाख होतात. नवऱ्यानी हा हिशेब कॅल्क्युलेटरवर केला आणि फोन उलटा ठेवून दिला.

आता मुद्द्याचं, पाणी कोणाचं.

मुलानी सरळ तर्क लावला. फक्त पावसात ओलं होतं आणि पाऊस थांबला की काही दिवसांनी वाळतं ते बाहेरून. बाराही महिने आणि वरच्यांच्या आंघोळीच्या वेळेनंतर वाढतं ते वरच्या बाथरूममधून, म्हणजे कोबा (टाइल्सखालचा पाणी अडवणारा थर) गेलाय किंवा ट्रॅपचा जोड. आणि दिवसरात्र एकसारखं येतं, कोणी पाणी वापरो न वापरो, ते प्रेशरच्या पाइपमधून. बेडरूमच्या भिंतीवर वर कुठलाच नळ नाही पाइप नाही, त्यानी खिडकीतून बाहेर मोबाईलची काठी काढून फोटो घेतले तर वरच्या छज्जाच्या खाली बाहेरच्या प्लास्टरला तिरकी चीर आणि ड्रेनेजच्या पाइपाशेजारी त्या चिरेत पिंपळाचं रोप, चांगलं हातभर वाढलेलं. म्हणजे ते सोसायटीचं.

बाथरूमचं सिद्ध करायला वर जाऊन रंगीत पाण्याची टेस्ट करावी लागणार होती. वरच्या काकू तयार नव्हत्या. "आमच्या नवीन टाइल्स आहेत हो, दोन वर्षांपूर्वी बाथरूम केलं आम्ही, रंगाचे डाग पडले तर कोण भरून देणार?" सेक्रेटरींना मध्ये घातलं, शेवटी त्यांच्या मिस्टरांनी परवानगी दिली. नहाणी ट्रॅप कापड आणि प्लास्टिकनी गच्च बंद करून बाथरूमच्या जमिनीवर दोन बोटं हिरवा रंग घातलेलं पाणी भरून ठेवलं, एक दिवस एक रात्र. त्या लोकांनी तेवढा वेळ खाली नातेवाईकांकडे आंघोळी केल्या, त्याबद्दल आभार मानलेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या उघड्या स्लॅबवर त्या गंजलेल्या सळईच्या टोकाला हिरवट थेंब. मी काकूंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे आमचंच की." त्या क्षणापासून त्यांच्याशी एकदाही वाद झाला नाही. बाथरूम नवीन करताना त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरनी जुना कोबा फोडला आणि वॉटरप्रूफिंग न करताच टाइल्स बसवल्या होत्या, म्हणजे त्यांची पण फसवणूकच.

ह्या सगळ्याचा रिपोर्ट आला त्यात प्रत्येक गळतीपुढे उगम लिहिलेला होता. तो घेऊन मी सोसायटीच्या मीटिंगला गेले. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (नियमावलीत) स्पष्ट आहे की बाहेरच्या भिंती, गच्ची, कॉमन पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची, आणि फ्लॅटच्या आतली संडास बाथरूम सिंकची गळती त्या सभासदाची. हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं असं नाही, पण रिपोर्ट नसताना ते म्हणत होते "सिद्ध करा", आता म्हणाले "एजीएमला घेऊ". एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते त्यामुळे तारीख तरी पक्की होती. तिथे कळलं की सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे) आणि रिपेअर फंड वर्षानुवर्षं नीट कापलेच नाहीत, बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का सिंकिंग आणि पाऊण टक्का रिपेअर निदान पाहिजे, इथे मेंटेनन्स कमी ठेवायचा म्हणून सगळे खूश होते. घर घेताना मेंटेनन्स कमी आहे म्हणून मी पण खूश होते हे सांगायला हरकत नाही.

आणि बिल्डिंगला ३० वर्षं झाली की महापालिकेच्या कायद्यात ३५३बी खाली स्ट्रक्चरल ऑडिट करून स्थिरतेचा दाखला द्यावा लागतो. आमच्याकडे ते "प्रोसेसमध्ये" आहे. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट, होम इन्स्पेक्शन म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. किचनच्या बीमला सळईच्या रेषेत बारीक चीर होती, ती दाखवून मुलगा म्हणाला मी फक्त नोंद करतो, बीम किती खराब आहे हे सांगायला रजिस्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल, हॅमर टेस्ट वगैरे करेल. प्रामाणिकपणे बोलला, पण वेबसाइटवर कंपनीनी "संपूर्ण घराची तपासणी" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. तेवढं संपूर्ण नसतं.

आता तक्रारी.

पहिली, रिपोर्ट. साठ सत्तर पानांची पीडीएफ. त्यातली निम्मी भरती. "रंगाच्या ब्रशचे वळ", "दरवाजाच्या कडीला किरकोळ ओरखडा", "स्विचबोर्ड किंचित तिरका". अहो ९४ची बिल्डिंग आहे, ओरखडा असणारच. आणि गीझरला अर्थिंग नाही हे ४१व्या पानावर, त्याच लाल रंगात ज्या लाल रंगात पॅसेजमधली सैल टाइल. जीवावरचं आणि दिसण्यातलं एकाच रांगेत कसं काय ठेवता येतं मला कळलं नाही. मुलगा जे तोंडी सांगून गेला ते रिपोर्टपेक्षा दसपट चांगलं होतं, मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं म्हणून बरं.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी. रिपोर्ट सकाळी आला, संध्याकाळी त्यांच्याच दुसऱ्या कंपनीचा फोन, "मॅडम तुमच्या घरी सीपेज आहे ना, आम्ही वॉटरप्रूफिंग करतो", आणि १ लाख ८५ हजारांचं कोटेशन. त्यात वरच्यांचं बाथरूम न फोडता आमच्या बाजूनी स्लॅबमध्ये केमिकलची इंजेक्शनं मारायची असं होतं. मी त्याच इंजिनिअर मुलाला फोन करून विचारलं, तो बिचारा अडखळत म्हणाला, "मॅडम, पाणी वरून अडवायला पाहिजे, खालून भोक बुजवलं तर ते दुसरीकडून वाट काढणार." म्हणजे तपासणारा खरं सांगतोय आणि त्याचीच कंपनी इंजेक्शन विकतेय. दुरुस्तीचं काम पण करणाऱ्या कंपनीकडून तपासणी घेऊ नका, किंवा घ्या आणि दुरुस्तीचा नंबर ब्लॉक करा. दीड स्टार इथे गेला.

तिसरी, खिडक्या. खिडक्या ठीक लिहिल्या, आणि पुढच्याच जोरदार पावसात हॉलच्या स्लायडिंगमधून पाणी आत. ॲल्युमिनियमवाला आला, त्यानी खालच्या ट्रॅकवर बोट फिरवलं आणि हसला. पाणी बाहेर जायला ट्रॅकला बाहेरच्या बाजूनी भोकं असतात ती कोणीतरी सिलिकॉननी बुजवलेली. स्क्रूड्रायव्हरनी मोकळी केली, दोनशे रुपये घेतले. इन्स्पेक्शनच्या दिवशी ऊन होतं, पण एक मग पाणी ट्रॅकमध्ये ओतून बघितलं असतं तर कळलं असतं.

विकणाऱ्या काकांचं लोक विचारतात. त्यांना श्रीखंडाच्या डब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग त्यांच्या जावयाचा फोन आला, की एवढी वर्षं आम्ही राहिलो आम्हाला काही त्रास झाला नाही, तुम्ही बघूनच घेतलंत ना. वकिलांना विचारलं. ते म्हणाले मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. भांडण कुठे अडतं तर "त्याला माहीत होतं" हे दाखवण्यात, आणि इथे तारेनी बांधलेला डबा आहे, म्हणजे बाजू चांगली आहे. पण दिवाणी दावा, वकिलांची फी, तारखा. नोटीस पाठवली आहे. जावई आता सेटलमेंटचं बोलतोय, बघू.

नव्या बिल्डिंगमध्ये ताबा घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि मला त्यांचा हेवा वाटतो. रेरामध्ये ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला तर बिल्डरनी ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर भरपाई. तिथे हा साठ पानी रिपोर्ट, ओरखड्यांसकट, पूर्णपणे कामाचा आहे, कारण प्रत्येक ओळ बिल्डरला मेल करता येते. ऑफिसमधल्या मैत्रिणीनी तसंच केलं, ताबापत्रावर सही करायच्या आधी रिपोर्ट दिला आणि बऱ्याचशा गोष्टी करून घेतल्या. रिसेलवाल्यांना तो आधार नाही, आपल्याला टोकन द्यायच्या आधीच तपासणी करायला पाहिजे आणि विकणारे त्याला तयार होत नाहीत, ही खरी अडचण. "एवढा संशय असेल तर दुसरं घर बघा" असं आमच्या भावजयीला भांडुपला तोंडावर सांगितलं. मग एवढं तरी करा, घर पितृपक्षात बघायला जा. पाऊस अजून असतो, भिंती ओल्या असतात, आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे विकणारे पण जरा नरम असतात. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही. तर त्यांना घेऊन जाऊ नका, टोकन घटस्थापनेला द्या.

सध्याची परिस्थिती अशी की वरच्या काकूंनी गणपती झाल्यावर बाथरूम फोडलं, स्वतःच्या खर्चानी, ब्रिकबॅट कोबा, वॉटरप्रूफिंग, आणि टाइल्स लावायच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवलं, मी रोज जाऊन माझा स्लॅब बघत होते, कोरडा. आमच्या स्लॅबची सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमरचा गिलावा आम्ही आमच्या खर्चानी केला. बाहेरच्या भिंतीचं एजीएमला पास झालं, परांची दिवाळीनंतर लागणार असं म्हणतात, तोपर्यंत वॉर्डरोब हॉलमध्ये आहे आणि पाहुणे त्याला वळसा घालून सोफ्यावर बसतात.

बुक करणार असाल तर आधी एक जुना सँपल रिपोर्ट मागून घ्या, येणारा माणूस सिव्हिल इंजिनिअर आहे की ट्रेनी ते विचारा. वरच्या फ्लॅटमधल्या पाण्याच्या टेस्टचे साडेतीन हजार वेगळे लागतात, ते आम्हाला नंतर सांगितलं. रविवारी येतात पण जास्त घेतात. आणि शिडी तुमची तुम्ही ठेवा, त्यांची माळ्यापर्यंत पोचत नाही.